कबुलीची कॉफी

मैसूनच्या पायाला भिंगरी आहे, हे सगळ्या करक गावाला ठाऊक होतं. बाई बसून जेवली, असं तिच्या पोटच्या पोरानेही क्वचितच पाहिलं असेल. वसंतात मेंढ्यांना दूध भरपूर आलं की ही पहाटेपासून ताक घुसळणार, त्याचा चोथा मीठ घालून फडक्यात पिळणार, मुठीने दाबून दाबून गोळे वळणार आणि ते गच्चीवर उन्हात मांडून दिवसभर उलटेपालटे करत बसणार. बसणार कसली, फिरणार. आमच्या गावच्या या वाळवलेल्या दह्याचं, जमीदचं, नाव अम्मानपर्यंत आहे आणि गावात मैसूनच्या जमीदचं. पण तिच्याकडे घ्यायला गेलात तर पटकन घ्यायचं आणि निघायचं. "वास काय घेताय? वास नसेल तर ते जमीद कसलं?" असं ती तोंडावर सुनवायची, आणि गिऱ्हाईक मुकाट्याने पिशवी पुढे करायचं.

त्या रविवारी दुपारी ती गच्चीवरच होती तेव्हा फोन वाजला. सुहैबचा, तिच्या एकुलत्या एका लेकाचा. तो पिकअप घेऊन चारा आणायला गेला होता.

"आई, मला उशीर होईल. घाटातल्या वळणावर एक म्हातारबाबा पडलेला सापडला. कुणीतरी उडवून पळून गेलंय. दवाखान्यात आणलंय त्यांना."

"जिवंत आहे ना?"

"श्वास चालू आहे. माझे कपडे सगळे रक्ताने भरलेत. इथले लोक म्हणतायत हाजी मित्लक म्हणून आहेत."

"बरं केलंस. चारा राहू दे आता, घरी ये."

"येतो. थांब जरा, पोलीस काहीतरी विचारतायत." आणि फोन बंद झाला तो झालाच.

दुपार कलायच्या आत हाजी मित्लक गेला आणि सुहैब ठाण्यात जाऊन बसला. लोकांचं गणित सोपं होतं. ज्याने आणला त्यानेच उडवला, नाहीतर हल्ली कोण कुणाला उचलतं? त्यात पिकअपचा डावा दिवा फुटलेला. आता तो दिवा हिवाळ्यातच मैसूनच्या एडक्याने टक्कर मारून फोडला होता, पण एडक्याची साक्ष कोण घेणार? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं.

मैसून ठाण्यावर गेली. तिथल्या हवालदाराने तिला दारातच थोपवलं. "काकू, घरी जा. उद्या सकाळी त्याला सरकारी वकिलापुढे उभा करतील. जबानी ते घेतात, आम्ही नाही."

"मला दोन शब्द बोलू दे."

"दोन शब्द बोलता येत असते तर मी तुम्हाला चार बोलू दिले असते. वरून हुकूम नाही."

घरी आली तर अंगणात बुटांचा खच. अबू दाऊद, तिचा थोरला दीर, मंडळी घेऊन आला होता. सहा फुटी उंच, पांढऱ्या मिशांचा, घराण्याचा शब्द ज्याच्या तोंडून बाहेर पडतो असा माणूस. त्याचे हुकूम चालू होते. दुकानं बंद ठेवा. पोरांना अम्मानला मावशीकडे पाठवा. कुणी त्या लोकांच्या रस्त्याला फिरकू नका. मेलेल्याच्या भावांची डोकी तापलेली आहेत, आज काहीही होऊ शकतं. यातलं एकही चुकीचं नव्हतं, हे मैसूनलाही कळत होतं.

"आम्ही अत्वा मागायला निघालो," अबू दाऊद तिला म्हणाला.

अत्वा म्हणजे सुडाला घातलेला लगाम. गुन्हेगाराच्या घरची वडीलधारी मंडळी मेलेल्याच्या दारात जातात, समोर कॉफीचे पेले येतात, आणि मागणं मान्य होईपर्यंत कुणी पेल्याला तोंड लावत नाही. मान्य झालं की पेला उचलायचा. मग ठरल्या मुदतीपर्यंत कुणी कुणाच्या केसाला धक्का लावत नाही. पण अत्वा दोन तऱ्हेची असते. एक चौकशीची. म्हणजे, आमच्या माणसाने केलं की नाही ते ठरायचं आहे, ठरेपर्यंत थांबा. आणि दुसरी कबुलीची.

"कुठली मागणार, भाऊजी?" मैसूनने विचारलं.

"कबुलीची."

"का? सुहैबने केलेलं नाही. त्याने मला फोनवर सांगितलं, म्हातारा वळणावर पडलेला सापडला."

"करणारा असंच सांगतो."

"आणि न करणारा काय सांगतो?"

मागे कुणीतरी फसकन हसलं आणि गप्प झालं. अबू दाऊद रागावला नाही. तिच्यावर तो कधीच फारसा रागावत नसे. "हे बघ मैसून," तो म्हणाला, "मढं अजून दवाखान्यात आहे. अशा वेळी त्यांच्या दारात जाऊन आम्ही चौकशी-चौकशी करत बसलो तर ते म्हणतील, हे रक्ताची घासाघीस करायला आलेत. कबुली दिली की माणसं विरघळतात. म्हणतात, मरण अल्लाच्या हातात होतं. पोरगा अपघात झाला म्हणून सांगेल, थोडे दिवस आत काढेल, संपलं."

"आणि आयुष्यभर त्याच्या नावापुढे काय लागेल?"

"जिवंत राहिला तर नाव राहील ना. तू आत जा, बायकांजवळ बस."

बस. हा शब्द मैसूनला आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा ऐकावा लागला होता, आणि तिने तो फक्त एकदाच ऐकला होता.

तेव्हा ती नवी नवरी होती. नवऱ्याचं नाव मुफ्लेह, अबू दाऊदचा धाकटा भाऊ, गाईसारखा गरीब माणूस. शेजारच्या वाडीतल्या मेंढ्या एका रात्रीत नाहीशा झाल्या आणि बोट मुफ्लेहकडे गेलं, कारण आदल्या दिवशी तो त्या बाजूला दिसला होता. त्या रात्री तो घरात तापाने फणफणला होता आणि मैसून त्याच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत होती. तिने हे सासूला सांगितलं. सासू म्हणाली, "पुरुषांचं बोलून झालंय, तू बस." घराण्याने कबुली देऊन कॉफी पिऊन टाकली. मग मुफ्लेहला निरोप गेला, आता तू नाही म्हणालास तर मोठ्या भावाचा शब्द खोटा पडेल. मुफ्लेहने सांगतील तिथे सही केली. वकील मागता येतो, गप्प राहता येतं, हे त्याला कुणी सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. तुरुंगातून परत आला तो मान खाली घालूनच, आणि दोन-तीन वर्षांत तशीच मान खाली घालून मेला.

पुढे सुहैब शाळेत जायला लागला तेव्हा पोरं त्याच्या मागे बें-बें करत चालायची. एकदा त्याने आईला विचारलं होतं, "बाबांनी मेंढ्या का चोरल्या?" मैसून म्हणाली, "गरिबी होती." खोटं बोलली. खरं सांगावं तर अबू दाऊदचा शब्द खोटा होता असं सांगावं लागलं असतं, आणि मुफ्लेह आत असताना या घरात पीठ, तेल, सरपण सगळं अबू दाऊदनेच भरलं होतं. खाल्ल्या घरचे वासे कसे मोजायचे? तिने तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला आणि जी उठली ती पुन्हा कधी स्वस्थ बसली नाही.

मंडळी अत्वा मागायला निघून गेली. मैसूनने डोक्यावरची ओढणी नीट केली आणि मागच्या दाराने बाहेर पडली.

वकीलबाई लमीस हिचं ऑफिस एका भाजलेल्या कोंबड्यांच्या दुकानाच्या वर होतं. ती दर वसंतात मैसूनकडून जमीद घ्यायची आणि दर वेळी भाव पाडून मागायची, म्हणून मैसूनला ती आवडायची. लमीस सूर्यफुलाच्या बिया सोलत फाईल वाचत होती. मैसून खुर्चीत बसली नाही. खिडकी ते दार अशा येरझाऱ्या घालतच तिने सगळं सांगितलं.

"आधी तुम्ही थांबा, मला चक्कर येतेय," लमीस म्हणाली. "पोलिसांपुढे तो काही बोललाय का?"

"मला काय माहीत? भेटू देत नाहीत."

"बोलला असला तरी अजून सगळं बुडालेलं नाही. खरा प्रश्न उद्याचा आहे. सरकारी वकील त्याला आधी सांगेल, तुझ्यावर हा आरोप आहे, आणि तुझा वकील आल्याशिवाय तुला उत्तर द्यायचं बंधन नाही. हे सांगणं त्याला भागच आहे, कायदाच आहे तसा. पण सांगतात कसं? अजान संपायच्या आत जेवण उरकणाऱ्या माणसासारखं, भरभर. पोरगं मान हलवतं, आणि मान हलवली की जबानी सुरू. तिथे सहीनिशी जे बोलेल ते पुढे धुऊन निघत नाही."

"मग तू जा आणि त्याला सांग, गप्प राहा."

"मी आत्ता ठाण्यात जाते, पण सोडतील असं वाटत नाही. उद्या मात्र मला कुणी अडवू शकत नाही, फक्त त्याने तोंडाने म्हटलं पाहिजे, मला वकील हवा. त्याने नको म्हटलं तर मी दारात उभी राहून काय करू, बिया सोलू?"

"नको कशाला म्हणेल?"

लमीसने बियांची पुडी बाजूला सारली. "तुमचे दीर कबुलीची अत्वा मागायला गेलेत म्हणता ना? त्या कॉफीला न्यायाधीश भुलणार नाही कदाचित. पण तुमचा मुलगा?"

मैसून दाराकडे वळली. "तू आधी ठाण्यात जा."

लमीस ठाण्यात गेली आणि हात हलवत परत आली. उद्या या, म्हणाले. दिवेलागणीला मंडळीही परतली. कॉफी पिऊन झाली होती. मेलेल्याच्या भावाने अबू दाऊदच्या खांद्यावर डोकं ठेवून रडून घेतलं, असं सांगताना सांगणाऱ्याचेही डोळे भरले. घरातल्या बायकांनी सुटकेचा श्वास सोडला, कुणी चहा टाकला, कुणी पोरांना निजवायला गेलं. सगळ्यांच्या छातीवरची धोंड उतरली आणि ती सगळी मैसूनच्या छातीवर येऊन बसली.

"ठाण्यात आपला एक पोरगा हवालदार आहे," अबू दाऊद तिला म्हणाला. "त्याच्याकडून सुहैबला निरोप पोचलाय. काय बोलायचं ते कळलंय त्याला. आता काळजी करू नको."

"त्याच्याकडून माझाही एक निरोप पाठवा."

"काय?"

"की आईने सांगितलंय, जे झालं तेच सांग."

अबू दाऊदने नकारार्थी मान हलवली. "पेला उचलून झालाय, मैसून. आता पोरगा नाही म्हणाला तर ते लोक म्हणतील, आम्ही मढ्यासमोर थट्टा केली. मग मी या अंगणातली किती पोरं वाचवू?" तो खोटं बोलत नव्हता. तीच तर खरी पंचाईत होती.

सकाळी कोर्टाच्या पॅसेजमध्ये ती सगळ्यांच्या आधी पोचली. भिंतीला लागून बाकडं होतं, पण ती झाडूवाल्याच्या मागे-पुढे करत राहिली, तो शेवटी वैतागून म्हणाला, "काकू, तुम्हीच झाडता का?" लमीस काळा कोट सावरत आली. मग अबू दाऊद आणि दोन म्हातारे आले आणि बाकड्यावर बसले.

सुहैबला आणलं तेव्हा त्याच्या अंगावर कालचाच सदरा होता, रक्त वाळून काळं पडलेला. हातात बेड्या. चेहरा मात्र शांत होता, आणि तो शांतपणा मैसूनच्या ओळखीचा होता. मुफ्लेहचाही चेहरा असाच झाला होता.

"आई, काळजी करू नको," तो म्हणाला. "काकांनी सगळं मिटवलंय. दोन शब्द बोलायचे आणि झालं."

"ही वकीलबाई आहे. तिला आत घे."

"आई, वकील कशाला? वकील आणला की त्यांना वाटेल आपण शब्द फिरवतोय."

"बरोबर बोलतोय पोरगा," बाकड्यावरचा एक म्हातारा म्हणाला. हवालदाराने घड्याळाकडे पाहिलं आणि सुहैबच्या दंडाला धरून त्याला दाराकडे वळवलं.

मैसून आडवी आली. हवालदार आणि दार यांच्यामध्ये सरळ जाऊन उभी राहिली. "तुझा बापही दोनच शब्द बोलला होता," ती म्हणाली. "त्याने मेंढ्या चोरल्या नव्हत्या."

सुहैब थांबला.

"त्या रात्री त्याला ताप होता. रात्रभर मी त्याच्या कपाळावर घड्या ठेवत होते. त्याने चोरी केली नव्हती, सुहैब. फक्त सही केली."

"मैसून, पुरे," अबू दाऊद उठत म्हणाला.

"पुरे कसं? आत्तापर्यंत मी पुरेच करत आले." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "मी तुला खोटं सांगितलं, की गरिबी होती. तू पोरांचं बें-बें ऐकत मोठा झालास आणि मी तुला सांगितलं नाही, कारण मी या घराची मिंधी होते. आता तू आत जाऊन तेच करणार असशील तर कर, मी तुला अडवू शकत नाही. पण न कळता करू नको. तुला वकील मागायचा हक्क आहे. गप्प राहायचा हक्क आहे. तुझ्या बापाला हे कुणी सांगितलं नाही."

"बाबांनी केलं नव्हतं?" सुहैबने विचारलं. तो पंचविशीतला बाप्या, पण आवाज शाळकरी पोराचा झाला होता.

"नाही रे."

हवालदाराने त्याला आत नेलं. दार लागायच्या आतच आतून सुहैबचा आवाज आला. स्पष्ट, सगळ्या पॅसेजला ऐकू जाईल इतका. "साहेब, माझी वकील बाहेर उभी आहे. ती आत आल्याशिवाय मी काही बोलणार नाही." लमीसने मैसूनकडे पाहिलंही नाही, ती चटकन आत गेली, आणि मग दार लागलं.

म्हातारे दोघं निघून गेले. जाताना एकाने जमिनीवर थुंकल्यासारखं केलं. अबू दाऊद मात्र बाकड्यावर बसून राहिला, हातातली जपमाळ न ओढता. दार बंद होतं तेवढा वेळ मैसून पॅसेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात राहिली. प्रत्येक फेरीला तिला त्याच्यासमोरून जावं लागत होतं.

शेवटी तो म्हणाला, "मला आता त्यांच्या दारात जावं लागेल. प्यायलेली कॉफी परत करायला. असं आमच्या सात पिढ्यांत कुणी केलेलं नाही." आणि मग, "मुफ्लेह मला कधी म्हणाला नाही, की मी केलं नाही."

"तुम्ही त्याला विचारलं होतंत का, भाऊजी?"

अबू दाऊदने मान वर केली. या माणसाने उभ्या आयुष्यात शेकडो भांडणं मिटवली होती, दोन गोत्रांमध्ये उभं राहून माणसं वाचवली होती, पण सख्ख्या भावाला हा एक प्रश्न त्याने कधी विचारला नव्हता. मैसूनला त्याची कीव आली, आणि रागही आला, आणि दोन्ही लपवायची तिची आता इच्छा नव्हती.

दार उघडलं. लमीस आधी बाहेर आली. "जे झालं ते सगळं सांगितलं त्याने, आणि नीट सांगितलं. गाडीची तपासणी होणार. काल ठाण्याच्या आवारात मी गाडी पाहिली, दिव्याची खोबण आतून गंजली आहे, आज-काल फुटलेला दिवा असा गंजत नाही, हे मी लिहून घ्यायला लावलं. पण तोवर कोठडी. आठवडाभर तरी." ती एका दमात बोलली आणि भिंतीला टेकली. "सुटला असं समजू नका. पण अडकला नाही."

सुहैबला बाहेर आणलं. तो आईच्या दिशेने आला तेवढ्यात अबू दाऊद त्याच्या वाटेत उभा राहिला. हवालदार पुढे झाला, पण म्हाताऱ्याने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि तो थांबला. पॅसेजमध्ये माणसं होती, वकील होते, कुणाच्या तरी पोराचं रडणं चालू होतं. मैसून पहिल्यांदाच एका जागी उभी होती.

"पोरा," अबू दाऊद म्हणाला, "काय झालं होतं त्या वळणावर?"

सुहैबने आधी आईकडे पाहिलं, मग काकाकडे.

"ते रस्त्यात पडले होते, काका," तो म्हणाला. "पाणी मागत होते. मी त्यांना उचललं."